पदर लागला तरी

लक्ष्मीबाईंना नागीण झाली ती शिमगा आटोपून गावाहून परत आल्यावर. डाव्या बरगडीखालून निघून पाठीकडे गेलेली, पाण्याच्या फोडांची लालभडक पट्टी. लालबागच्या चाळीत अशी गोष्ट लपून राहत नाही. शेजारच्या शेवंतीकाकू गेरू उगाळून घेऊन आल्या आणि नागिणीची दोन टोकं जुळली तर माणूस राहत नाही, हेही जाता जाता सांगून गेल्या. मेघनाने आईला लगेच डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडीवर फिकट डाग तेवढे राहिले. टोकं काही जुळली नाहीत. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

दुखणं मात्र गेलं नाही.

आधी लक्ष्मीबाईंना ब्लाउज घालवेना. मग साडी सुटली. मेघनाचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला गाऊन त्या घालायच्या आणि डाव्या बाजूने तोही हाताने अंगापासून उचलून धरायच्या. पंख्याचा वारा लागला की कळवळायच्या. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून तिघं घामाने निथळत बसायची. भाचीचं लग्न दादरलाच होतं, तरी त्या गेल्या नाहीत. लग्नात माणसं गळ्यात पडतात.

गुणाजी, मेघनाचे वडील, बायकोच्या दुखण्यात कधी मागे राहिले नव्हते. मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर गणपतीची मखरं करून त्यांनी घर चालवलं होतं. फार बोलायचे नाहीत. पण चाळीखालच्या डॉक्टरांकडे एक प्रसंग घडला आणि त्यांच्या मनात किंतू शिरला. डॉक्टरांनी त्या फिकट डागांवर अंगठा चांगला रुतवून विचारलं, "दुखतंय?"

"नाय तेवढं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

उठताना मात्र ओढणी घसरून नुसती बरगडीवरून गेली आणि त्या केवढ्यांदा ओरडल्या. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. डॉक्टरांनी गुणाजींकडे पाहिलं, गुणाजींनी खाली पाहिलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि "मन जरा दुसरीकडे वळवा" म्हणाले.

घरी आल्यावर गुणाजी एवढंच बोलले, "भजनाला जात जा शेवंतीबरोबर. मन रमेल."

संध्याकाळी मेघना कामावरून आली तेव्हा लक्ष्मीबाई गॅलरीत उभ्या होत्या. "तुझ्या बापाक वाटता मी सोंग करतंय," त्या म्हणाल्या. मनातलं बोलायला लागल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची.

हा तर मेघनाच्याच कामाचा विषय होता.

घरापासून चालत जाता येईल अशा, परळच्या एका संशोधन संस्थेत ती काम करायची. नस एकदा दुखावली की जखम भरल्यावरही वेदना मागे का उरते, हा तिच्या गटाचा प्रश्न. आईला जे होत होतं त्याला पुस्तकात नाव होतं. ते तिने सांगितलंही. "आई, याला नाव आहे. खूप जणांना होतं हे."

"नाव असून मी काय करू गो? त्याला हाक मारू?"

नाव सांगणं आणि 'असं का होतं' ते सांगणं यात बरंच अंतर होतं, आणि त्या अंतरातच तर मेघना रोज काम करत होती.

तिच्या प्रयोगशाळेतले उंदीर वेगळे होते. त्यांच्या फक्त हलक्या स्पर्शाच्या नसांमध्ये एक प्रथिन बसवलेलं होतं. मूळचं ते शेवाळातलं. उजेड कुठे आहे हे शेवाळाला त्याच्यामुळे कळतं. तेच प्रथिन नसेत असलं की निळा प्रकाश पडताच ती नस जागी होते, जणू कुणी तिथे बोट लावलं. कातडीला काही टोचत नाही, वेदनेच्या नसांना पत्ताही लागत नाही. बोलते ती एकटी स्पर्शाची नस. यातल्या काही उंदरांच्या पायाची एक नस, त्यांना भूल देऊन, बारीक दोऱ्याने आवळलेली असायची. जखम बरी झाली की उंदीर काचेच्या तळावर सोडायचा आणि खालून त्याच्या पंजावर निळा प्रकाश टाकायचा. धडधाकट उंदीर ढिम्म राहायचा, मिशा साफ करत बसायचा. प्रश्न असा होता की नस दुखावलेला उंदीर काय करेल.

मे महिन्यात उत्तर आलं. नस दुखावलेले उंदीर उजेड पडताच पाय झटकन उचलत होते, झाडत होते, चाटत होते. तापलेल्या तव्यावर पाय पडल्यासारखे.

मेघनाने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग तिच्याच्याने राहवेना. घरी आल्या आल्या चपला काढतानाच ती बोलायला लागली.

"बाबा, ऐका. आई खरं बोलतेय. हात लावल्याचं कळवणारी नस आणि दुखल्याचं कळवणारी नस, दोन वेगळ्या असतात. नागीण आईची नस जाळून गेलीय. आता स्पर्शाच्या नसेचा निरोप आत पोचतो तोच दुखण्याचा होऊन. आणि ती नस जागी होते हलक्या, सरकत्या स्पर्शाने, दाबाने फारशी नाही. म्हणून दाबलं तर कमी दुखतं आणि पदर लागला तरी जीव जातो. आमच्या उंदरांमध्ये दिसलं आज. फक्त स्पर्शाची नस जागी केली, तरी पाय उचलला!"

गुणाजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. "म्हणजे हलकं लागलं तर जास्त?"

"हो."

"चादरसुद्धा?"

"चादर तर सगळ्यात वाईट," लक्ष्मीबाईच म्हणाल्या.

गुणाजी उठले. मग शर्ट चढवून खाली गेले. परत आले ते खांद्यावर वेताच्या काठ्या घेऊन. दोन दिवस खोलीत वेत भिजवणं, वाकवणं, सुतळीने आवळणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या अंथरुणावर वेताची एक कमान उभी राहिली. पाळण्याच्या छपरासारखी, अंगापासून वीतभर वर. चादर तिच्यावर टाकायची. माणूस आत, कापड वर, मध्ये हवा. पंख्याचा झोत अडवायला एका बाजूला त्यांनी जाड पुठ्ठाही बांधला. त्यांनी बायकोची माफीबिफी मागितली नाही. "बघ, उंची बरोबर आहे का," एवढंच विचारलं.

त्या रात्री लक्ष्मीबाई पंखा लावून झोपल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कंठ फुटला. शेवंतीकाकूंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, गावी फोन करून जावेला सांगितलं. "माझ्या लेकीन उंदरात शोधून काढलान. हात लावलेला दुखता. खरा आसा ता." गेल्या दोन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी मान हलवून "होईल बरं, मनावर घेऊ नका" म्हटलं होतं, त्या सगळ्यांना त्यांनी गाठून सांगितलं.

आणि जूनमध्ये कॅरिसाने मेघनाला बाजूला बोलावलं.

कॅरिसा तिची सहकारी, गिरगावच्या फणसवाडीतून येणारी. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. ती मे महिन्यातल्या उंदरांची चित्रफीत पुन्हा पाहत बसली होती.

"मेघना, हा उंदीर बघ. हा साधा आहे ना?"

साधा म्हणजे ज्याच्या नसांत ते प्रथिनच नाही असा. तुलनेसाठी ठेवलेला. त्याला उजेड दाखवला काय नि न दाखवला काय, सारखंच.

"हो. मग?"

"मग हा पाय का उचलतोय, यार?"

मेघनाने पाहिलं. उंदराने पाय उचलला होता. आधी आणलेल्या साध्या उंदरांनी नव्हता उचलला. त्या दिवशी शेवटी शेवटी काचेवर आणलेल्यांनी उचलला होता.

दोघी उठून उपकरणापाशी गेल्या. दिवा नेहमीसारखा चालू-बंद करत राहिल्या आणि थोड्या वेळाने कॅरिसाने काचेला बोट लावलं. "गरम आहे," ती म्हणाली. मेघनानेही बोट लावलं. खरंच गरम होती. चटका बसण्याइतकी नाही, पण उंदराच्या पंजाला खुपेल इतकी. म्हणजे उंदीर पाय उचलत होते ते नसेमुळे की काचेमुळे, ते आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

"सगळंच खोटं नसेल," कॅरिसा म्हणाली. "पण किती खरं आहे, कळायला मार्ग नाही."

मेघना खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांसमोर उंदीर नव्हते, गॅलरीत उभी राहून दूधवाल्याला समजावणारी आई होती.

त्यांचे प्रमुख अभय सर पुढच्या आठवड्यात बंगळूरच्या परिषदेत हेच मांडणार होते. दोघी त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा ते त्याचीच तयारी करत होते. मेघनाने एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, चित्रफीत पाहिली, पुन्हा एकदा पाहिली. चेहरा उतरला त्यांचा. या निकालावर त्यांचीही बरीच भिस्त होती.

"बंगळूरला कळवतो," शेवटी ते म्हणाले. "मांडत नाही म्हणून."

"सॉरी, सर."

"उद्या दुसऱ्या कुणी पकडलं असतं तर सॉरी म्हणायची वेळ आली असती. आपलं आपण पकडलं. चहा घ्या आणि परत कसं करायचं ते सांगा."

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. जेवणं संपत आल्यावर तिने एकदाचं तोंड उघडलं. काच गरम होत होती, आपलं चुकलं, तो निकाल आता धरता येत नाही.

लक्ष्मीबाईंचा हात ताटातच थांबला. "म्हणजे माझा दुखणा पण खोटा झाला काय?"

"नाही गं! तुझं दुखणं खरंच आहे. ते का होतं, त्याचा आमचा पुरावा कच्चा निघाला."

"उंदरान सांगितल्याशिवाय तुमका पटत नाय ना?"

खरं म्हणजे आईचं बोलणं अगदी चुकीचं नव्हतं. बाबांना पटलं होतं ते उंदरांमुळेच. मेघनाने बाबांकडे पाहिलं. आता काय म्हणतात, याची तिला भीतीच वाटत होती.

गुणाजी हात धुऊन आले, पंचाला पुसले आणि कमानीजवळ जाऊन एका बाजूची सैल झालेली सुतळी आवळायला लागले. "पुरावा गेला तर जाऊ दे," ते पाठमोरेच म्हणाले. "तिला झोप लागते ना याच्यात? मला तेवढं दिसतं. काच थंड ठेवायची सोय करा तुम्ही."

लक्ष्मीबाईंनी उरलेला भात संपवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि त्या उंदराचा काय करता गो? त्याका पण असाच दुखता काय, माझ्यासारखा?"

"तुझ्याइतकं आहे की नाही, ते विचारता येत नाही त्याला. पण दुखतं. त्याने पाय उचलला की आम्ही लगेच उजेड बंद करतो. आणि लागतील त्याच्यापेक्षा एकही जास्त उंदीर घ्यायची परवानगी नसते."

"मग या खेपेला नीट करा," त्या म्हणाल्या. "फुकट नको त्याका त्रास."

हे वाक्य मेघना विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते कॅरिसालाही सांगितलं.

पावसाळाभर त्या दोघींनी प्रयोग नव्याने उभा केला. उजेड सलग न टाकता अगदी छोट्या लुकलुकीत टाकायचा. दोन उंदरांमध्ये काच निवू द्यायची आणि मोजून पाहिल्याशिवाय पुढचा उंदीर ठेवायचा नाही. मुख्य म्हणजे कुठला उंदीर कुठल्या गटातला हे फक्त अभय सरांना ठाऊक. मेघना उजेड टाकणार, कॅरिसा चित्रफितीत पाय पाहणार, आणि दोघींपैकी कुणालाच माहीत नाही की समोरचा साधा आहे, धडधाकट आहे की नस दुखावलेला. आपल्याला हवं तेच दिसण्याची सोय त्यांनी मुळातूनच काढून टाकली.

त्याच दिवसांत मेघनाने आणखी एक गोष्ट केली, जी तिने खरं तर मार्चमध्येच करायला हवी होती. परळच्या मोठ्या रुग्णालयात फक्त जुनाट वेदनांसाठी एक ओपीडी चालायची. तिथल्या डॉक्टर सुचित्रा मॅडमकडे तिने आईला नेलं. मॅडमनी अंगठा रुतवला नाही. कापसाचा बोळा घेतला आणि लावण्याआधी विचारलं, "लावू का? नको म्हणालात तर नाही लावणार."

लक्ष्मीबाईंचे डोळे भरून आले. दुखल्यामुळे नव्हे. तोवर त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं.

नसा शांत करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू वाढवायच्या. जोडीला कातडी बधिर करणारी चिकटपट्टी, दिवसाचे काही तास डागांवर लावायची. पहिले काही दिवस गोळ्यांनी गरगरलं, लक्ष्मीबाई भिंत धरून चालायच्या. पट्टी लावतानाच एवढं दुखायचं की ती त्या स्वतःच लावायच्या, डोळे मिटून, एका दमात. पण लावल्यावर थोड्या वेळाने त्या बाजूला कापड सोसायला लागलं. गणपतीत चाळीबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, रस्त्यावर माणसाला माणूस घासत होता; पण घरच्या गणपतीसमोर त्या साडी नेसून बसल्या. सैल ब्लाउज, पदर उजवीकडे ओढलेला. आरतीच्या वेळी गुणाजी त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहिले, मध्ये हातभर जागा सोडून, म्हणजे दुसरं कुणी तिथे यायला नको.

नवरात्र संपता संपता अभय सरांनी दोघींना बोलावलं. मोजणी पुरी झाली होती. गट उघडायचे होते.

"आधी साधे आणि धडधाकट," ते म्हणाले.

दोन्ही गटांतले उंदीर शांत होते. सगळेच्या सगळे.

"आता दुखावलेले."

मेघनाने कॅरिसाचा हात धरला. दुखावलेल्यांपैकी बहुतेकांनी पाय उचलला होता. सगळ्यांनी नव्हे. काही ढिम्म बसून राहिले होते. मे महिन्यात दिसला होता त्याच्यापेक्षा फरक लहान होता.

"कमी आहे," अभय सर म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं. "पण आहे. काच थंड ठेवूनही आहे."

कॅरिसाने टेबलावर थाप मारली. मेघनाला हसावं की रडावं ते कळेना. मे महिन्यातला आनंद उसळून आला होता. हा तसा नव्हता. हा हळूहळू मुरत गेला.

घरी तिने या वेळी चपला काढून, पाणी पिऊन, खाली बसून सांगितलं. उंदराला नागीण होत नाही, त्याच्या पायाची नस आपण आवळलेली असते, तेव्हा जे त्याचं तेच आईचं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, हेही सांगितलं. माणसाच्या अंगात असा दिवा लावायला अजून कितीतरी वर्षं लागतील, कदाचित लावणारही नाहीत. पण गुन्हेगार कुठली नस हे कळलं तर औषध शोधणाऱ्यांना कुठे जायचं ते कळेल.

"आणि पुढे?" गुणाजींनी विचारलं.

"पुढे पिवळा उजेड. दुसरं एक प्रथिन आहे, ते नसेत असलं की पिवळ्या उजेडाने नस गप्प होते. स्पर्शाची नस गप्प केली तर उंदराचा पाय जागेवर राहतो का, ते बघायचं."

लक्ष्मीबाई ऐकत होत्या. "या खेपेला शेवंतीक सांगू काय?" त्यांनी विचारलं.

"सांग. पण उंदरांच्या पायापुरतंच सांग."

पुढच्या मंगळवारी मेघना आईबरोबर ओपीडीत गेली. बाकावर शेजारी घोडपदेवहून आलेल्या जाईबाई बसल्या होत्या, साठी ओलांडलेल्या, उजव्या हाताभोवती सैल पंचा धरलेल्या. मनगटाचं हाड मोडून जुळलं होतं, पण हाताला पाणी लागलं तरी सोसत नव्हतं. बरोबरचा मुलगा, हितेंद्र, कंटाळून मोबाइल पाहत होता.

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत," त्याने कुणी न विचारताच मेघनाला सांगितलं. "एक्स-रे पण क्लिअर. बोला आता."

जाईबाईंनी मान खाली घातली. मेघना काही बोलणार, तेवढ्यात लक्ष्मीबाईच वळल्या.

"एक्स-रेत नस दिसत नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "माझे पण सगळे रिपोर्ट चांगलेच होते. ही माझी मुलगी याच्यावरच काम करते. पहिल्यांदा चुकलं तिचं. काच तापली होती. मग सगळं परत केलं, पावसाळा गेला त्यात. आता बरोबर आलं."

हितेंद्रने मेघनाकडे पाहिलं. "काय बरोबर आलं?"

"नस दुखावली की साधा स्पर्शही वेदना देऊ शकतो," मेघना म्हणाली. "उंदरांमध्ये दिसलंय. तुमच्या आईंचं नेमकं काय आहे ते मॅडम तपासून सांगतील. पण हात लावल्यावर दुखतं असं त्या म्हणतात, ते बनावट नसावं."

हितेंद्रने मोबाइल खिशात टाकला. आईच्या पंचाकडे पाहिलं, जणू तो आजच दिसला. मग उठला आणि तिच्या उजव्या अंगाला, बाकाच्या मोकळ्या टोकाला जाऊन बसला. समोरून स्ट्रेचर आलं तेव्हा त्याने गुडघा पुढे करून तिचा हात आड केला.

जाईबाईंचा नंबर पुकारला गेला. उठता उठता त्या लक्ष्मीबाईंपाशी थांबल्या. "ताई, तुम्ही परत कधी येणार?"

"पुढच्या मंगळवारी. सकाळी लवकर या, गर्दी होते," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मी भिंतीकडची जागा धरून ठेवते तुमच्यासाठी."